१०० ते १५०० मीटर: बायकांच्या फ्रीस्टाइलला लागलेली १०९ वर्षं

नीलतरंग

ऑलिंपिकमध्ये पुरुष १५०० मीटर फ्रीस्टाइल पोहतायत १९०८ पासून. बायकांना ती शर्यत मिळाली टोकियोत, २०२१ साली. मधल्या काळात काय झालं ते शोधायला बसले आणि इतकं हाती लागलं की वेगळा धागाच काढावा असं वाटलं. पोहण्यावर मराठीत फार कमी लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जाणकारांनी भर घालावी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. प्रत्येक टप्प्यावर "एवढं अंतर बायकांना झेपणार नाही" असं कुणीतरी ठरवून टाकलं, आणि बहुतेक वेळा ते अंतर पोहून दाखवणारी बाई तेव्हा हयात होती, ऐन भरात होती. तिला पोहायला शर्यतच नव्हती.

सुरुवात १९१२, स्टॉकहोम. जलतरणात पहिल्यांदाच बायका, आणि त्यांना दोनच शर्यती: १०० मीटर फ्रीस्टाइल आणि ४ बाय १०० रिले. तलाव म्हणजे खाडीच्या पाण्यात बांधून काढलेला शंभर मीटरचा पट्टा, त्यामुळे वळायचा प्रश्नच नाही, एका टोकाला सूर मारायचा आणि दुसरं टोक गाठायचं. ऑस्ट्रेलियाच्या फॅनी ड्युरॅकने हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) १ मिनिट १९.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि अंतिम शर्यत १ मिनिट २२.२ सेकंदांत जिंकली. तिची मैत्रीण मीना वायली दुसरी, ब्रिटनची जेनी फ्लेचर तिसरी. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांची १०० मीटर जिंकणाऱ्या हंगेरीच्या आल्फ्रेड हायोशची वेळही बरोब्बर १ मिनिट २२.२ सेकंदच होती! (तो बिचारा एप्रिलच्या गारठ्यात उघड्या समुद्रात पोहला होता, तेव्हा तुलना बेतानेच करायची.)

या दोघी स्टॉकहोमला पोचल्या त्याची गोष्ट शर्यतीपेक्षा मोठी आहे. न्यू साउथ वेल्सच्या महिला जलतरण संघटनेचा नियम होता की पुरुष हजर असतील तिथे सदस्य बायकांनी शर्यतीत उतरायचं नाही. अध्यक्षा होत्या रोझ स्कॉट. बायकांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचलेली ही बाई, पण पुरुष प्रेक्षकांसमोर मुलींनी पोहण्याला तिचा ठाम विरोध होता. लोकांनी आरडाओरडा केला, वर्तमानपत्रांनी बाजू लावून धरली, सभा झाली, नियम बदलला आणि स्कॉटबाईंनी राजीनामा दिला. तरी खर्चाचा प्रश्न होताच. लोकवर्गणी काढली गेली. शिवाय एकट्या मुलींना पाठवायचं नाही, म्हणून ड्युरॅकबरोबर तिची बहीण गेली आणि वायलीबरोबर वडील.

रिलेला चार जणी लागतात आणि ऑस्ट्रेलियाच्या तर दोघीच. "आम्ही दोघी दोन-दोन टप्पे पोहतो" असं त्यांनी सांगून पाहिलं. परवानगी मिळाली नाही, आणि रिलेचं सुवर्ण ब्रिटनला गेलं.

अमेरिकेची एकही मुलगी तिथे नव्हती, कारण तिथल्या हौशी खेळाडूंच्या संघटनेचे सर्वेसर्वा जेम्स सलिव्हन यांना बायकांनी स्पर्धेत उतरणंच मंजूर नव्हतं. १९१४ मध्ये ते वारले, आणि त्यानंतर मुलींची नोंदणी सुरू झाली. १९१७ मध्ये शार्लट एपस्टाइन या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये महिला जलतरण संघटना काढली. तिथून तीनच वर्षांत, १९२० च्या अँटवर्पला, इथेल्डा ब्लायब्ट्रीने बायकांच्या तिन्ही फ्रीस्टाइल शर्यती जिंकल्या: १००, ३०० आणि रिले. पोलिओनंतर व्यायाम म्हणून पाण्यात उतरलेली मुलगी ही. ३०० मीटर ही शर्यत ऑलिंपिकमध्ये तेवढी एकदाच झाली. पुरुषांना ४०० आणि १५००, बायकांना ३००. कुठल्या हिशेबाने, ते ठरवणाऱ्यांनाच ठाऊक. १९२४ ला पॅरिसमध्ये ते ४०० झालं आणि मग गाडी तिथेच ४४ वर्षं अडकली.

याच संघटनेतली गर्ट्रूड एडर्ली. पॅरिसमध्ये तिला १०० आणि ४०० मध्ये कांस्य मिळालं. दोन वर्षांनी, ६ ऑगस्ट १९२६ ला, ती इंग्लिश खाडी पोहून गेली. गॉगलच्या कडा मेणाने बुजवल्या होत्या, आणि अंगात बहिणीच्या मदतीने बेतलेला दोन तुकड्यांचा पोशाख. वेळ साडेचौदा तासांच्या आसपास, म्हणजे तोवरच्या सगळ्यात जलद पुरुषापेक्षा सुमारे दोन तास कमी. हे जगाने पाहिलं, न्यूयॉर्कने तिची मिरवणूक काढली, आणि तरी पुढची चार दशकं ऑलिंपिकमध्ये बायकांची वैयक्तिक शर्यत ४०० मीटरच्या पुढे सरकली नाही.

१९६८ ला मेक्सिकोत २०० आणि ८०० आल्या. अमेरिकेच्या सोळा वर्षांच्या डेबी मायरने २००, ४०० आणि ८०० तिन्ही जिंकल्या. तिला दमा होता. १५०० चा विश्वविक्रमही तिच्याच नावावर होता, पण ती शर्यत फक्त पुरुषांची. पुढे ऑस्ट्रेलियाची शेन गोल्ड. १९७२ च्या जानेवारीत १०० पासून १५०० पर्यंत फ्रीस्टाइलचे सगळे विश्वविक्रम या पंधरा वर्षांच्या पोरीकडे होते. त्याच वर्षीच्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १५०० तिलाही नव्हती.

मग अमेरिकेची जॅनेट इव्हान्स. मार्च १९८८ मध्ये तिने १५०० मीटर १५ मिनिटं ५२.१० सेकंदांत पोहून दाखवली. म्युनिकच्या पुरुषांच्या १५०० चं सुवर्ण माइक बर्टनला मिळालं होतं ते १५ मिनिटं ५२.५८ सेकंदांना, आणि तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. सोळा वर्षांपूर्वीच्या पुरुष विजेत्यापेक्षा ही मुलगी जलद, आणि सहा महिन्यांनी सोल ऑलिंपिकमध्ये तिला सांगायचं की ८०० वर भागव. हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या. अजूनही राग जात नाही.

---

गिरगावकर

छान धागा, वाचनखूण साठवली. ते ८०० मीटर धावण्याचंही असंच झालं होतं ना? १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये बायका शर्यतीनंतर दमून खाली बसल्या म्हणून गहजब झाला आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद. पुरुष धावपटू शेवटच्या रेषेवर आडवे झाले तर त्याला जिगर म्हणतात.

---

कूजीची मीनल

मी सिडनीत असते, कूजीजवळ. ड्युरॅक आणि वायली जिथे सराव करायच्या तो वायलीज बाथ्स हा समुद्रातला तलाव आजही चालू आहे. मीनाच्या वडिलांनी, हेन्री वायलींनी, १९०७ मध्ये तो बांधला. खडकाच्या कुशीत, लाट मोठी असली की पाणी थेट कठड्यावरून आत. तळाला खडक आणि शेवाळ, मध्येच पायाला मासे. तलावाशी मीनाचा पुतळा आहे. जवळच फक्त बायका-मुलांसाठी राखीव असलेला मॅकायव्हर्स बाथ्स आहे. एका किनाऱ्यावर दोन्ही विचार शेजारी-शेजारी नांदतायत, आणि मला दोन्ही हवेसे वाटतात. आमच्या सासूबाई पुण्याहून आल्या की राखीव तलावातच उतरतात. दुसरीकडे त्या कधीच पाण्यात गेल्या नसत्या.

नीलतरंग, तुम्ही डॉन फ्रेझरला वगळलंत! अंतराच्या ओघात राहून गेली असेल, पण तिच्याशिवाय हा धागा अपुरा आहे. ती सिडनीतल्या बालमेनची, तेव्हा गोदी कामगारांची वस्ती. आठ भावंडांतली ही धाकटी, हिलाही दमा. शंभर मीटरचा हॉलंडच्या विली डेन औडेनचा १ मिनिट ४.६ सेकंदांचा विक्रम १९३६ पासून कुणाला हलला नव्हता. फेब्रुवारी १९५६ मध्ये डॉनने तो मोडला, वीस वर्षांनी. त्याच वर्षी मेलबर्नला सुवर्ण, १९६० ला रोममध्ये सुवर्ण. ऑक्टोबर १९६२ मध्ये ५९.९ सेकंद: शंभर मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारी पहिली बाई.

१९६४ च्या मार्चमध्ये मोटार अपघात झाला. गाडी ती स्वतः चालवत होती. आई गेली, डॉनच्या मानेला इजा. सात महिन्यांनी टोकियोत ती २७ वर्षांची, बाकीच्या पोरीसोरी, आणि हिने ५९.५ सेकंदांत तिसरं सुवर्ण घेतलं. एकाच शर्यतीत सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं तोवर कुठल्याच जलतरणपटूला, पुरुषांतही, जमली नव्हती. आणि घरच्या संघटनेने बक्षीस काय दिलं? उद्घाटनाच्या संचलनाला गेली, ठरवून दिलेला पोशाख घातला नाही वगैरे कारणांवरून दहा वर्षांची बंदी. ती नंतर उठवली, पण तोवर मेक्सिकोची तयारी करायची वेळ निघून गेली होती. बालमेनच्या तलावाला आता तिचं नाव आहे.

---

चौथी लेन

मी मुलांना पोहायला शिकवतो, त्यामुळे थोडं तंत्राबद्दल.

जॅनेट इव्हान्सचा स्ट्रोक पुस्तकातला नव्हता. हात कोपरात न वाकवता सरळ गरागरा फिरायचे. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, आणि शेजारच्या लेनमध्ये तिच्यापेक्षा उंच, रुंद खांद्यांच्या पूर्व जर्मन मुली. सोलची ४०० मीटर जरूर बघा. हाइके फ्रीडरिश शेवटच्या शंभरापर्यंत चिकटून आहे. अशा वेळी पोहणारा सुरुवातीला जोर लावतो आणि शेवटी तग धरतो. इव्हान्सने उलटं केलं. तिचे दुसरे २०० मीटर पहिल्या २०० पेक्षा जलद आहेत. ४ मिनिटं ३.८५ सेकंद. तो विक्रम २००६ पर्यंत टिकला. आणि ८०० मीटरचा तिचा १९८९ चा ८ मिनिटं १६.२२ सेकंदांचा विक्रम २००८ च्या बीजिंगमध्ये रिबेका ॲडलिंग्टनने मोडला. एकोणीस वर्षं!

"झेपणार नाही" याबद्दल: पाण्यात खरं तर उलट आहे. बायकांच्या शरीरात चरबीचं प्रमाण थोडं जास्त, त्यामुळे शरीर वर तरंगतं, पाय बुडत नाहीत. ज्याचे पाय बुडतात त्याची निम्मी ताकद शरीर आडवं ठेवण्यात जाते. माझ्या बॅचमध्ये नवीन मुलगे पहिल्या पन्नासात मुलींच्या पुढे असतात आणि चारशेला धापा टाकतात. अंतर वाढेल तसा स्त्री-पुरुषांच्या वेळेतला फरक टक्केवारीत कमी होत जातो. म्हणजे ज्या शर्यती बायकांना सगळ्यात उशिरा मिळाल्या, नेमक्या त्याच त्यांना सगळ्यात मानवणाऱ्या.

---

सह्याद्रीचा_वारा

सगळं पटलं, पण पूर्व जर्मनीचा विषय नुसता ओझरता नको. १९७६ च्या मॉन्ट्रियलमध्ये बायकांच्या १३ पैकी ११ सुवर्णं त्यांनी नेली. कोर्नेलिया एंडरने १०० आणि २०० दोन्ही जिंकल्या, २०० तर दोन मिनिटांच्या आत. नंतर कागदपत्रं बाहेर आली: सरकारी योजना, तिला क्रमांक १४.२५, आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोरींना जीवनसत्त्वं म्हणून दिलेल्या ओरल ट्युरिनाबोल या स्टेरॉइडच्या गोळ्या. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तिथल्या क्रीडा संघटनेचे प्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मान्फ्रेड ह्योप्नर यांना दोषी ठरवलं, शिक्षा मात्र निलंबित. पदकं आजही तशीच. माझं स्पष्ट मत आहे की ती काढून घ्यावीत आणि नोंदी पुसाव्यात.

---

नीलतरंग

@कूजीची मीनल, डॉनबद्दल तुम्ही लिहावं हेच बरं झालं, तिथे राहून लिहिलेलं वेगळंच वाटतं.

@सह्याद्रीचा_वारा, तुमचा राग मला समजतो, पण नोंदी पुसायला माझा विरोध आहे. त्या मुलींना काय दिलं जातंय हे विचारायची मुभा नव्हती. कित्येकींना नंतर यकृताचे, गरोदरपणातले त्रास झाले. देशाने त्यांचं शरीर वापरलं आणि आता आपण त्यांचं नावही काढून घ्यायचं? नोंद ठेवा, तिच्यासमोर कारण लिहा, आणि मागे राहिलेल्यांना त्यांचं पदक द्या.

मागे राहिलेली म्हणजे सगळ्यात आधी अमेरिकेची शर्ली बाबाशॉफ. मॉन्ट्रियलमध्ये २००, ४०० आणि ८०० मध्ये रौप्य, तिन्ही वेळा पुढे पूर्व जर्मनीची मुलगी. त्या मुलींच्या जाड आवाजाबद्दल आणि खांद्यांबद्दल ती उघड बोलली, तर तिच्याच देशाच्या वर्तमानपत्रांनी तिला रडकी, कुजकट ठरवलं. ती खरं बोलत होती.

शेवटच्या दिवशीची ४ बाय १०० रिले मी पुन्हा-पुन्हा बघते. पूर्व जर्मनीने एंडरला पहिल्याच टप्प्यावर उतरवलं. किम पेटन तिच्या मागे सेकंदभराहून जास्त राहिली. वेंडी बोग्लिओलीने अंतर कमी केलं. तिसरी जिल स्टर्केल, वय १५. ती पाण्यात पडली तेव्हा अमेरिका मागे होती आणि तिने भिंतीला हात लावला तेव्हा पुढे. शेवटचे शंभर बाबाशॉफचे. ३ मिनिटं ४४.८२ सेकंद, विश्वविक्रम, पूर्व जर्मनी ०.६८ सेकंदांनी मागे. अमेरिकी बायकांना त्या ऑलिंपिकमध्ये जलतरणात मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. चौघी काठावर एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या दिसतात, आणि मला दरवेळी भरून येतं.

---

सह्याद्रीचा_वारा

बाबाशॉफला पदक द्यावं यावर एकमत. पुसण्याबद्दल माझं मत कायम आहे. ज्या मुलीला खरं कळलंय तिला स्वतःलाच ते पदक घरात ठेवावंसं वाटेल का, हा माझा प्रश्न आहे.

---

प्राजक्ता_ठाणे

गोळ्यांवर बोलतोय तर पोशाखांचंही बोला. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या सूटमुळे ४३ विश्वविक्रम पडले होते. तो सूट चढवायला मदत लागायची, पाणी आत शिरायचं नाही आणि शरीर वर उचललं जायचं. २०१० पासून बंदी आली, आता कापडी सूटच चालतो. तिथेच इटलीच्या फेडेरिका पेलेग्रिनीने ४०० मीटर ३ मिनिटं ५९.१५ सेकंदांत पोहून चार मिनिटांची भिंत पाडली, आणि २०० चा तिचा १ मिनिट ५२.९८ सेकंदांचा विक्रम २०२३ पर्यंत टिकला. ऑस्ट्रेलियाच्या मॉली ओकॅलॅहनने तो कापडी सूट घालून मोडला, हे मला फार मोठं वाटतं.

---

चौथी लेन

प्राजक्ताताई, सहमत. पेलेग्रिनीचं श्रेय मात्र सूटला देऊ नका, २००८ च्या बीजिंगमध्ये २०० चं सुवर्ण तिचंच होतं. सूट त्या काळी सगळ्यांनीच घातले होते.

---

गिरगावकर

भारताचं काय? कुणी लिहिलंच नाही.

---

दादर_चौपाटी

गिरगावकर, मी लिहितो. १९५२ च्या हेलसिंकीला भारताच्या ज्या चार मुली पहिल्यांदा ऑलिंपिकला गेल्या, त्यांतल्या दोघी जलतरणपटू. आपल्या मुंबईची डॉली नझीर आणि कोलकात्याची आरती साहा. डॉली १०० मीटर फ्रीस्टाइल आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहली, आरती ब्रेस्टस्ट्रोक. आरतीने पुढे २९ सप्टेंबर १९५९ ला इंग्लिश खाडी पार केली, असं करणारी पहिली आशियाई स्त्री. १९६० मध्ये पद्मश्री मिळाली. डॉली नझीरचं नाव मात्र मुंबईतही कुणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नंतरच्या काळात फ्रीस्टाइलमध्ये बंगळुरूने बाजी मारली. निशा मिलेट २००० च्या सिडनीत २०० मीटर, शिखा टंडन २००४ च्या अथेन्समध्ये ५० आणि १००, आणि पॅरिसला २०२४ मध्ये चौदा वर्षांची धिनिधी देसिंगू, पुन्हा २०० मीटर. म्हणजे बघा, १०० मीटरपासून निघून ७२ वर्षांत आपण २०० पर्यंत आलो.

लांब अंतरासाठी आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर पोहावं लागतं, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, रिकामी लेन मिळून. आपल्याकडच्या सार्वजनिक तलावांत "महिलांची बॅच" म्हणजे बहुतेक ठिकाणी भर दुपारचा एक तास, त्यात शिकाऊ बायका, लहान मुली, सगळ्या एकत्र. पंधराशे पोहणारी मुलगी त्यातून कशी घडणार? नीलतरंग म्हणतात तो अडसर आपल्याकडे नियमात नाही, तो वेळापत्रकात आहे.

---

प्राजक्ता_ठाणे

दादर_चौपाटी, अगदी, अगदी! माझी मुलगी तेरा वर्षांची झाली तेव्हा आमच्या जवळच्या तलावावर तिला सांगण्यात आलं की आता महिलांच्या बॅचला ये. सरावाची बॅच पहाटेची, तिच्या बरोबरीचे मुलगे तिथेच राहिले. आम्ही भांडून तिला पहाटेच्या बॅचला ठेवलं. ती आता ८०० आणि १५०० पोहते. कोच तिला १०० कडे वळवू पाहत होते, "मुलींना जमतं ते" म्हणून. तिने ऐकलं नाही.

---

चौथी लेन

प्राजक्ताताई, मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. तिला अमेरिकेच्या एरिका सलिव्हनची टोकियोची १५०० दाखवा. शर्यतीच्या मध्यावर ती पदकांच्या आसपासही नाही. मग एकेक करत सगळ्यांना मागे टाकते आणि शेवटच्या टप्प्यात चक्क पहिल्या आलेल्या, तिच्याच देशाच्या केटी लेडेकीजवळ सरकते. पंधराशे कशी बांधायची ते त्यात दिसेल.

---

नीलतरंग

त्या दिवसाबद्दल मीच लिहायचं ठेवलं होतं. २८ जुलै २०२१. त्याच सकाळी लेडेकी आधी २०० ची अंतिम शर्यत पोहली आणि पाचवी आली. तासाभराने पुन्हा पाण्यात. तीस लांब्या, १५ मिनिटं ३७.३४ सेकंद, सलिव्हन चार सेकंदांनी मागे, जर्मनीची सारा क्योलर तिसरी. एरवी लेडेकी जिंकल्यावर फारसं काही दाखवत नाही. त्या दिवशी तिने पाण्यावर हात आपटला आणि ओरडली. तिचा विश्वविक्रम १५ मिनिटं २०.४८ सेकंदांचा, २०१८ चा, म्हणजे ही शर्यत ऑलिंपिकमध्ये यायच्या तीन वर्षं आधीचा. जागतिक स्पर्धेत तर बायकांची १५०० मीटर शर्यत २००१ पासून होती. ऑलिंपिकला आणखी वीस वर्षं का लागली?

प्राजक्ता, लेकीला पॅरिसची १५०० पण दाखव. लेडेकी १५ मिनिटं ३०.०२, फ्रान्सची अनास्तासिया किर्पिच्निकोवा दुसरी, दहा सेकंदांनी मागे. आणि तिच्या वेळा इथे लिहित राहा ना, आम्हाला वाचायच्या आहेत.

---

प्राजक्ता_ठाणे

लिहीन, नक्की. पुढच्या महिन्यात जिल्हा स्पर्धा आहे. यंदा मुलींची १५०० पहिल्याच दिवशी ठेवली आहे.